राखण

होणाऱ्या सासऱ्यांना हातची बिअर पाजायची, म्हणून कोरियातल्या बुसानच्या तेसिकने आयुष्यात पहिल्यांदाच तोटी लावलेल्या पिंपात ती आंबत घातली आणि पिंप बाल्कनीत ठेवलं. रोज चाखून बघायला जीव तळमळायचा, पण तिथे राखणीला बसलेले त्याचे बाबा त्याला हाकलून द्यायचे. "घायकुत्या, धीर धर जरा! हात लावलास तर नासेल."

त्याने महिनाभर धीर धरला.

सासरे आले. तेसिकने पिंपातून दोन्ही हातांनी अदबीने त्यांचा पेला भरला. बाबांनी मात्र आपला पेला पालथा घातला. "मला पथ्य आहे."

सासऱ्यांनी घोट घेतला. थोरांसमोर तोंड वळवून प्यायची तिकडची रीत, म्हणून तेसिकनेही बाजूला वळून घोट घेतला.

"जवाचा चहा फक्कड झालाय," सासरे म्हणाले. "बिअर कधी आणताय?"



घरात तो चहा फक्त बाबा उकळायचे.