चमचाभर गूळ

"कारल्याच्या बापालाही एवढं कडू होणं जमणार नाही," काढ्याचा पेला तोंडाला लावताना कुमुदचे यजमान रोज कुरकुरायचे. वर तिलाच धीर द्यायचे, "अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं तसं दिसणारं, असं डॉक्टर म्हणाले ना? आपलं खरंच आहे बघ. खोटं असतं तर एवढं कडू कोण कशाला करील?"

काढ्यात काहीही मिसळायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण शेवटच्या महिन्यात घोट घशाखाली उतरेना, तेव्हा कुमुदने त्यात चोरून चमचाभर गूळ विरघळवला. ते गेले त्याला आता सहा महिने झाले होते.

संशोधन संपल्यावर उरलेल्या बाटल्या परत द्यायला ती आयुर्वेद कॉलेजात आली आणि पिशवी टेबलावर ठेवता ठेवता तिने गुळाचं सांगून टाकलं. "पथ्य मी मोडलं. म्हणूनच गुण आला नाही ना?"

मोठे डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "तसं काही नसतं हो." धाकट्या डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिच्या नजरेला नजर मात्र कुणी देईना.

इतका वेळ बाटल्यांवरचे नंबर यादीशी ताडून पाहणाऱ्या वनारसेबाई उठल्या. तिथले काढे त्याच उकळायच्या. तिच्याजवळ खुर्ची ओढून त्या बसल्या.

"ताई, तुमच्या गुळानं काही बिघडलं नाही. या बाटल्यांत औषध नव्हतंच. नुसतं कडू पाणी होतं ते, मीच केलेलं."