अप्पांच्या कानाचं मशीन

अप्पांना ऐकू येत नाही, म्हणून लेकाने पहिलाच सिनेमा शब्दांवाचून काढला: ना संवाद, ना निवेदन, नुसत्या नद्या, कारखाने आणि माणसांचे हात. पुढची तीस वर्षं तो तसेच सिनेमे काढत राहिला. यातलं अप्पांना सांगावं असं काही त्याला कधी वाटलं नाही. बघतात म्हणजे कळतंच की!

यंदा नातीने अप्पांच्या कानाला मशीन बसवून आणलं. नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला ते शेवटपर्यंत त्याचं बटण फिरवत बसले. दिवे लागल्यावर लेकाला जवळ बोलावून म्हणाले,



"हे परत देऊन टाक बाबा. पाणी ऐकू आलं, यंत्रांची खडखड ऐकू आली. पण तुझ्या सिनेमात मागून सगळं समजावून सांगणारा तो माणूस आजही मला सोडून सगळ्यांना ऐकू आला!"