शुक्रवारचा शिरा

"आई, हा शिरा कोणाच्या खर्चाने?" सुनेने विचारलं.

"शुक्रवारचा डबा गोडाशिवाय कसा पाठवायचा गं?" कुंदाताई डबे भरत म्हणाल्या.

"गिऱ्हाइकांनी वा वा करायचं आणि तूप आपलं! महिन्याच्या खर्चात शिरा कुठेच धरलेला नाही. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत डबे बंद करावे लागतील."

कुंदाताईंचा हात थांबला. नवरा गेल्यापासून हे डबेच तर त्यांना सकाळी उठवत होते.

त्या दुपारी सासू-सुनांनी रवा-तुपापासून गॅसपर्यंत खर्च मांडला, शिऱ्याची किंमत ठरवली. जुन्या गिऱ्हाइकाला फोन करताना मात्र कुंदाताईंचा आवाज अडखळला. "देवधरकाका, पुढच्या शुक्रवारपासून शिऱ्याचे वेगळे पैसे पडतील. नको असेल तर मोकळेपणी सांगा."

काका म्हणाले, "बरं झालं हो! फुकटचा होता, म्हणून जास्त मागायची लाज वाटायची. आता दोन वाट्या पाठवा."