पलीकडचं टोक

नवरा तळ्यावर गेला तो परत आलाच नाही. त्याची कयाक, ती चिंचोळी होडी, तेवढी आली. आज ती दिराला देऊन टाकायची म्हणून तिनं एकटीनंच गाडीच्या टपावर चढवली. बांधायचा पट्टा वरून पलीकडे टाकला आणि दमून गाडीला टेकली.

एरवी कामाच्या नावानं बोंब असलेला नवरा एवढं मात्र करायचा. पलीकडून टोक परत फेकायचा.

टोक परत आलं.

"आलीस का बाई?" ती लेकीला म्हणाली. "आधी तो पीळ काढ."

होडीवरच्या पट्ट्याचा पीळ सावकाश उलगडला.

"आई, कुणाशी बोलतेस?" लेक मागे दारात उभी होती.

तेव्हा तिला आठवलं, गाडी पलीकडून भिंतीला खेटून लावलीय. मधे मांजरही मावलं नसतं.

पट्टा तिच्या हातातून वीत-वीत पलीकडे सरकायला लागला.