फाटकावरची पाटी

"पाटी वाचता येत नाही का?"

सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त मास्तर शरच्चंद्र आगाशे यांनी मैनाला फाटकातच अडवलं. रिठे आणि लिंबाच्या सालींपासून घरी केलेलं फरशी-काच पुसायचं पाणी विकायला ती विश्रांतवाडीहून आली होती. सकाळपासून चार सोसायट्यांनी तिला परत पाठवलं होतं आणि पिशवीतली एकही बाटली कमी झाली नव्हती.

"कुठं हाय पाटी?"

आगाशेंनी फाटकाशेजारी बोट दाखवलं. धूर, धूळ आणि कबुतरं यांच्याखाली अक्षरं केव्हाच गडप झाली होती. मैनानं पिशवी खाली ठेवली, एक बाटली काढली आणि आख्ख्या पाटीवर फवारा मारला.

"लगेच घासायचं न्हाई, काका. शंभर आकडे मोजायचे, मग पुसायचं. मोजा."

मास्तरकीची सवय जुनी. आगाशे खरंच मोजू लागले. शंभर झाल्यावर मैनानं जुन्या सुती साडीच्या फडक्यानं पाटीवरून एकदाच हात फिरवला.

"विक्रेत्यांना आत प्रवेश नाही," तिनं मोठ्यानं वाचलं. "आता दिसलं. चुकलं माझं." तिनं पिशवी उचलली.

आगाशे पाटीकडे पाहत राहिले. मजकूर त्यांचाच होता, वीस वर्षांपूर्वीचा.

"थांबा. नियम म्हणजे नियम, तुम्हाला आत येता येणार नाही." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "इथंच उभ्या राहा. मी सगळ्यांना खाली बोलावतो."