साडूंचा वाघ

"यंदा अभयारण्य नाही, प्राणिसंग्रहालय," मी जाहीर केलं. "निदान वाघ घरी तरी सापडेल."

बायकोने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तिच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या विद्याधररावांनी, फॅमिली ग्रुपवर आणखी एक वाघ टाकला होता. पानांआडून रोखलेले डोळे आणि खाली ओळ: 'जंगलात संयम लागतो.' हा माणूस जाईल तिथे वाघ दर्शन देतो. आम्ही मात्र दर सुट्टीत पहाटे जिपमध्ये कुडकुडतो आणि सांबराची शेपटी बघून परततो. सासरी याला माझा पायगुण म्हणतात.

"बरं, पिंजऱ्यातला बघू," बायको म्हणाली. "पण ताईला कळता कामा नये. सांगायचं, कोकणात गेलो होतो."

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या शहरातलं प्राणिसंग्रहालय निवडलं. वाघाच्या जाळीपाशी पोचलो, तर समोर खाकी टोपी घातलेले विद्याधरराव एका गुडघ्यावर बसलेले, कॅमेरा डोळ्याला. शेजारी ताई कढीपत्त्याची फांदी लेन्ससमोर धरून उभी, जंगल दिसावं म्हणून.

आम्हाला बघताच ताईने फांदी पाठीमागे लपवली. इतक्या वर्षांचं सगळं उट्टं काढायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायको पुढे झाली.

"ताई, हात दुखला असेल तुझा. आण ती फांदी इकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय राहिलात? बसा गुडघ्यावर!"