जिन्याखालचा बॉक्स

“पुन्हा चुकलं!” नवऱ्याने पेन्सिल कानावर खोचली आणि मान हलवली. “पाइपची गोलाई वजाच केली नाही मी.”

“अगं बाई! मग आता?” बायकोने जमेल तितका काळजीचा आवाज काढला.

“आता काय! पहिल्यापासून.”

तिने मुकाट्याने टेपचं टोक हातात घेतलं. मनातून मात्र तिला इतकं बरं वाटलं, की हसू दाबायला खोटंखोटं खोकावं लागलं.

स्पीकरचा हा बॉक्स त्याने जिन्याखालच्या जागेसाठी बनवला होता. ती जागा म्हणजे एक नगच होती. वरून जिन्याचा उतार, एका अंगाला तिरकी भिंत आणि मागे मधोमध पाण्याचा पाइप. त्यामुळे बॉक्सचा माथा उतरता, एक बाजू वाकडी आणि पाठीला खळगा. एकही कोपरा दुसऱ्याशी बोलायला तयार नाही. दुकानदाराने तर बजावून ठेवलं होतं, आत नेमके किती लिटर मावतात ते सांगा, मग आवाजाची नळी किती लांब कापायची ते मी सांगतो. अंदाजपंचे चालणार नाही. नाहीतर गाणं राहील बाजूला आणि नुसती घूं घूं ऐकत बसाल.

“अहो, काहीतरी ओतून मोजता येईल की,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

“छे! ओतायला काय अक्कल लागते? हिशेबानं काढायचं. उतार वेगळा, खळगा वेगळा, आतल्या पट्ट्या वजा. तू फक्त टेप धर.”

तिने टेप धरली. आणि तेव्हापासून घराचा नूरच पालटला.

त्याचं असं होतं, की जन्मभर तो छापखान्यात रात्रपाळीला आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसपाळीला. तो यायचा तेव्हा ती निघायची. संसार झाला तो दारात. किल्ली घे, दूध तापवलंय, मुलीला ताप आहे. मुलगी त्यातच मोठी झाली आणि आपल्या घरी गेली. मग दोघंही निवृत्त झाली, दिवसभर समोरासमोर बसली, तेव्हा बोलायचं काय हेच कुणाला सुचेना. भांडण नव्हतं हो. भांडायला तरी ओळख लागते! तो खिडकीपाशी पेपर घेऊन बसायचा, ती आतल्या खोलीत. दुपार नुसती खायला उठायची.

आणि आता हा बॉक्स! टेप धरता धरता ती टेलिफोनवरच्या गमती सांगायची. तो छापखान्यातल्या, यंत्र धडधडत असताना उभ्याउभ्या घोरणाऱ्या फोरमनची नक्कल करायचा. नवरा इतका गप्पिष्ट आहे हे तिला आत्ता, या वयात कळत होतं. रोज नवं उत्तर यायचं आणि रोज ते चुकायचं.

खरं उत्तर तिला ठाऊक होतं. साडेचौदा लिटर. तो केस कापायला गेला असताना तिने जुन्या बीनबॅगची शिवण उसवली, आतले थर्माकोलचे दाणे बॉक्समध्ये काठोकाठ भरले आणि मापाने मोजून परत काढले. करायला गेली उत्सुकतेपोटी. आकडा कळल्यावर मात्र पुढचं सगळं तिला दिसलं. आकडा सांगितला की नळी कापली जाणार, बॉक्स जिन्याखाली जाणार आणि हा पुन्हा खिडकीपाशी. म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं.

“बॉक्स जरा कलता कर,” तो म्हणाला. “तळाच्या पट्टीची जाडी बघतो.”

तिने बॉक्स कलता केला. आत काहीतरी खुळखुळलं. मेले ते दाणे! घरभर चिकटले होते, झाडून झाडून कंबर गेली होती, तरी एखादा राहिलाच म्हणायचा. आता चोरी पकडली जाणार.

खुळखुळ पट्टीमागून सुटली, स्पीकरच्या भोकातून बाहेर पडली आणि फरशीवर टणाटण उड्या मारत तिच्या पायाशी थांबली.

वाटाणा. चांगला वाळलेला, टणक वाटाणा.

ती बघतच राहिली. थर्माकोल खुळखुळत नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. मग आठवली ती गोणी. बॉक्स जोडून झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बहिणीकडे गेली होती, आणि परत येते तर घरात वाटाण्याची अख्खी गोणी. स्वस्त मिळाले म्हणे! तेव्हापासून दोघं वाटाणेच खात होती. म्हणजे पाइपची गोलाई, विसरलेली पट्टी, उलटा धरलेला उतार, सगळ्या सगळ्या चुका त्यानंतरच्या.

तिने मान वर केली. नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते.

“साडेचौदा?” तिने विचारलं.

“साडेचौदा,” तो पुटपुटला आणि दचकला. “तुला कसं कळलं?”

“बीनबॅग.”

मग दोघंही जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरलं. आता चुकायला जागाच उरली नव्हती.

“म्हणजे झालाच की बॉक्स,” ती हळूच म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

“अगं, गुंडाळू नकोस!” त्याने घाईघाईने तिचा हात धरला. “तो पलीकडचा कोपरा बघितलास? याहून वाकडा आहे. आणि पलंगाखाली दुसरा स्पीकर आहे. पहिल्याच दिवशी दोन आणले होते मी.”